गर्भाशयमुख तपासणीचा सराव संच: उघडणं नीट शिकवतो, पातळ होणं नाही

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा नर्सिंगच्या वर्गासाठी गर्भाशयमुख तपासणीचा सराव संच घ्यायचा म्हटलं की पुरवठादार साधारण एकच खोका पुढे करतात. त्यात असतं ते असं: १ ते १० सेंटिमीटरची गोल भोकं पाडलेली लाकडी फळी, मऊ सिलिकॉनचे सहा तुकडे, टाळूच्या खुणा असलेलं बाळाचं प्लॅस्टिकचं डोकं, हात झाकायला कापडी पडदा, भिंतीवर लावायचा तक्ता आणि इंग्रजी माहितीपत्रक. वेगवेगळ्या नावांनी विकले जाणारे हे संच उघडून बघितले तर फारसा फरक नाही, म्हणून कंपनीचं नाव घेत नाही.

निकाल आधीच सांगतो. घ्यावा, पण खोक्यात आहे तेवढ्यावर भागवू नये. बाळंतपणात गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडलंय हे हा संच चांगलं शिकवतो. ते किती पातळ झालंय, म्हणजे त्याची नळी किती आखूड झालीय, हे शिकवायला मात्र तो कच्चा आहे. आणि कोकणात पेशंटला गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात पाठवायचं की इथेच बाळंतपणाच्या टेबलावर घ्यायचं, हा निर्णय बहुतेक वेळा त्या पातळपणावरच ठरतो.

फळीपासून सुरुवात करू, कारण संचातला सगळ्यात कामाचा भाग तोच. आपल्याकडे अजून 'दोन बोटं उघडलंय', 'अडीच बोटं आहे' असंच बोललं जातं. बोट प्रत्येकीचं वेगळं. बारीक हाताच्या सिस्टरची दोन बोटं तीन सेंटिमीटर भरतील, दणकट हाताच्या सिस्टरची चार. ड्युटी बदलली की तेच तोंड कागदावर 'मागे गेलेलं' दिसतं किंवा उगाच 'भराभर उघडलेलं'. म्हणून फळी हातात घेण्याआधी प्रत्येकीने ग्लोव्हज घालून आपली दोन बोटं जवळ धरून पट्टीवर मोजावीत, मग ताणून पसरता येतील तितकी पसरून मोजावीत, आणि दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. मग फळी पडद्याआड ठेवायची, दुसरीने ती हवी तशी फिरवायची, आणि पहिलीने न बघता भोकात तर्जनी व मधलं बोट घालून दोन्ही कडांना टेकेपर्यंत पसरायचं. अंतर न मोडता हात बाहेर काढून पट्टीवर ठेवायचा. आधी अंदाज बोलून दाखवायचा, मग मोजायचं. हा क्रम उलटा झाला तर सराव फुकट जातो.

पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत हे जमतं. पुढे बोटं पुरत नाहीत आणि नव्या हाताचा अंदाज इथेच ढासळतो. सहाच्या पुढे उघडलेलं किती हे मोजायचंच नाही, उरलेलं किती ते मोजायचं. डोक्याभोवती बोट फिरवलं आणि दोन्ही बाजूंना साधारण एकेक सेंटिमीटरची कड लागली तर आठ. फक्त पुढच्या बाजूला कड उरली तर नऊ. कुठेच कड लागत नाही, बोट थेट डोक्यावरून फिरतं, ते दहा. फळीवर हे शिकवता येत नाही, कारण भोकाच्या मागे डोकं नसतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे संचातलं प्लॅस्टिकचं डोकं मोठ्या भोकाला मागून दाबून धरायचं. माहितीपत्रकात ही युक्ती नाही. हनुवटी छातीला टेकवून नीट खाली येणाऱ्या डोक्याचा त्या पातळीवरचा व्यास सुमारे साडेनऊ सेंटिमीटर असतो, त्यामुळे दहाच्या भोकातून डोकं का जातं आणि आठच्या भोकाला का अडतं, हे मुलींना तिथल्या तिथे दिसतं.

फळीवर चार सेंटिमीटरपाशी लाल रेघ आहे, तक्त्यावरही. जुन्या पार्टोग्राफच्या, म्हणजे बाळंतपणाची प्रगती नोंदवायच्या आलेखाच्या, हिशेबाने ती बरोबर होती: चारपासून सक्रिय टप्पा, म्हणजे तोंड भराभर उघडण्याचा काळ, पुढे तासाला एक सेंटिमीटर, नाहीतर आलेखावरची तिरकी रेघ ओलांडली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत सक्रिय टप्पा पाचपासून धरला आणि तासाला एक सेंटिमीटर हा नियम सगळ्या बायांना लागू पडत नाही असं स्पष्ट केलं. संघटनेच्या २०२० च्या लेबर केअर गाइड या नव्या आलेखात ती तिरकी रेघच नाही. प्रत्येक सेंटिमीटरला वेगळी मुदत आहे. पाचवर सहा तास, सहावर पाच तास, सातवर तीन, आठवर अडीच आणि नऊवर दोन तास तोंड तिथेच राहिलं तर सावध व्हायचं. तुमच्या केंद्रात जो तक्ता भरला जातो तोच भरा, पण वरचे मुदतीचे आकडे लाल रेघेशेजारी मार्करने लिहून ठेवा. चारवरच घड्याळ सुरू केलं की पहिलटकरीण विनाकारण 'अडकलेली' ठरते.

आता मऊ तुकडे. खरी तक्रार यांच्याबद्दल आहे.

गर्भाशयमुख हा गर्भपिशवीचा खालचा नळीसारखा भाग. त्यात स्नायू थोडा आणि कोलॅजेनचे तंतू भरपूर. नऊ महिने बाळ, पाणी आणि वार यांचा भार पेलून दार बंद ठेवायचं काम या तंतूंचं. नळीत चिकट स्रावाचं बूच असतं, ते खालचे जंतू वर जाऊ देत नाही. गर्भ राहिल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच रक्तपुरवठा वाढून ते निळसर आणि मऊ होऊ लागतं. शिकवताना जुन्या सिस्टर सांगतात ती खूण अजूनही सगळ्यात चांगली: गर्भ नसताना नाकाच्या शेंड्याइतकं घट्ट, गर्भ असताना ओठाइतकं मऊ. दिवस भरत आले की प्रोस्टाग्लँडिनसारख्या द्रव्यांमुळे तंतूंची वीण सैल होते, मधे पाणी भरतं, आणि तोंड 'पिकतं'. कळा सुरू होण्याआधीच बरंच काम झालेलं असतं ते असं.

संचातला पहिला तुकडा 'घट्ट' आणि दुसरा 'मऊ' असा लिहिलेला आहे. डोळे मिटून दोन्ही दाबले तर फरक जेमतेम कळतो, कारण सिलिकॉन एकाच कडकपणाचं ओतलंय. तोंड कळांसाठी किती तयार आहे हे ठरवणाऱ्या बिशप गुणांकनात घट्ट, मध्यम आणि मऊ यांना शून्य, एक, दोन असे गुण असतात. तेरापैकी सहा किंवा कमी आले तर तोंड तयार नाही असं धरतात, आठ किंवा जास्त आले तर कळा आणण्याची औषधं सहसा चांगली लागू पडतात. त्यातले दोन गुण ज्या खुणेवर मिळायचे ती खूणच या संचात हाताला लागत नाही. थोड्या मोठ्या केंद्राने वेगळ्या कडकपणाचे दोन तुकडे मागवून घ्यावेत. काही पुरवठादार सुटे देतात.

तिसऱ्या आणि चौथ्या तुकड्यावर '५० टक्के' आणि '८० टक्के' असं कोरलंय. गर्भाशयमुखाची मूळ लांबी साडेतीन-चार सेंटिमीटर धरली तर पन्नास टक्क्यांना ती दोन सेंटिमीटरच्या आत यायला हवी, ऐंशीला एक सेंटिमीटरच्या आत. तिसरा तुकडा मापात आहे. चौथा आडवा कापून मोजला तेव्हा कड चांगली सव्वा सेंटिमीटर भरली, आणि वर ती सगळीकडे एकसारखी जाड. खऱ्या बाईत ऐंशी टक्के पातळ झालेली कड डोक्याला चिकटून ताणलेली असते, बोटाखाली काही मिलिमीटरची घडी लागते. या तुकड्यावर हात बसलेली मुलगी खरं पातळ तोंड चुकवेल, तिला ते 'पूर्ण उघडलंय' असंच वाटेल, कारण कडच लागणार नाही. हा दोष छोटा नाही.

त्याहून मोठा दोष म्हणजे सगळ्या तुकड्यांना आरपार एकच सरळ भोक आहे. खऱ्या गर्भाशयमुखाला दोन तोंडं असतात, बाहेरचं आणि आतलं. पहिलटकरणीत आतलं तोंड आधी सुटू लागतं, नळी वरून खाली आखूड होत जाते, बाहेरचं तोंड शेवटपर्यंत जवळपास मिटलेलं राहतं; नळी संपून गेल्यावर मग ते उघडायला लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईत मात्र बाहेरचं तोंड आधीच सैल असतं. सदतिसाव्या आठवड्यात, कळांचा पत्ता नसताना, तिथे एक किंवा दोन बोटं सहज जातात, आणि आतलं तोंड बंदच असतं. नवी सिस्टर बाहेरचं तोंड चाचपते आणि 'तीन सेंटिमीटर' लिहिते. उलटही होतं: बाई चारवर आहे, जाडी अर्ध्याहून कमी उरलीय, आणि 'अजून वेळ आहे' म्हणून गाडी बोलावली जाते. अशा बाईत पातळ होणं आणि उघडणं एकत्रच चालतं आणि पुढचे सहा सेंटिमीटर बघता बघता निघून जातात.

तवसाळ-जयगड फेरीबोट रात्रभर चालत नाही. ती नसली की गुहागरच्या दक्षिण टोकाहून रत्नागिरी गाठायला शास्त्री नदीला वळसा घालावा लागतो. देवगड-विजयदुर्ग पट्ट्यातून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात, ओरोसहून गरज पडली तर घाट चढून कोल्हापूर किंवा खाली गोव्यातलं बांबोळी. जुलैमधल्या रात्री १०२ किंवा १०८ ची रुग्णवाहिका आली तरी रस्ता तोच असतो. पहिलटकरीण, दोन सेंटिमीटर, तोंड जाड, डोकं वर आणि रेफर करण्याचं कारण आहे, तर न थांबता पाठवा, वेळ आहे. तिसरी खेप, चार-पाच सेंटिमीटर, तोंड पातळ, कळा दर तीन मिनिटांनी, तर आधी फोन करा, टेबल मांडा, आणि पाठवायचंच असेल तर प्रसूतीचा संच व सिस्टर सोबत दिल्याशिवाय गाडी हलवू नका. हा फरक सेंटिमीटरच्या फळीवर शिकता येत नाही, म्हणून आतलं-बाहेरचं तोंड वेगळं दाखवणारा एक तरी तुकडा हवाच.

तो घरी करता येतो. जाड लोकरीचा, चार सेंटिमीटर लांब मानेचा विणलेला नमुना घ्यायचा, मानेच्या दोन्ही टोकांना वेगवेगळी नाडी ओवायची. आतली नाडी सोडत गेलं की मान आखूड होते, बाहेरची आवळलेली ठेवता येते; दुसऱ्या खेपेसाठी बाहेरची सैल आणि आतली घट्ट. विणकाम येणारी कुणीही हे एका दुपारी करू शकते आणि या बाबतीत तो नमुना विकतच्या सिलिकॉनपेक्षा सरस ठरतो.

पाचवा तुकडा मात्र वाखाणण्यासारखा आहे. नऊ सेंटिमीटर, पुढची कड शिल्लक आणि सुजलेली. हाताला लागतो तो मऊ, फुगीर, डाव्या बाजूला थोडा जास्त जाड, मागच्या बाजूला पूर्ण मोकळा. डोकं आणि जांघेचं हाड यांच्यामध्ये पुढची कड दबली की तिला सूज येते. बाई तोंड पूर्ण उघडण्याआधीच जोर करत असेल तर लवकर येते. आजूबाजूच्या बायका 'लाव जोर' म्हणत असतात, आणि तोंड नऊवर असतं. इथे काय करायचं नाही हे आधी शिकवावं: ती कड बोटाने जबरदस्तीने मागे ढकलायची नाही, फाटते. मूत्राशय रिकामं करायचं, बाईला डाव्या कुशीवर किंवा हातापायांवर घ्यायचं, कळ आली की जोर न लावता तोंडाने श्वास सोडायला सांगायचं, बाळाचे ठोके मोजत राहायचं. पुढच्या तपासणीत सूज वाढलेली असेल, डोक्यावर मोठी गाठ आली असेल आणि डोकं खाली सरकत नसेल तर प्रकरण कडेचं नाही, अडलेल्या बाळंतपणाचं आहे. सहावा तुकडा पूर्ण दहाचा. त्याच्यात सांगण्यासारखं काही नाही.

पाण्याच्या पिशवीचा नमुना संचात नाही. ग्लोव्हजच्या बोटात पाणी भरून, गाठ मारून ते भोकातून पुढे आलेलं ठेवलं की फुगलेली पाणमोट कशी लागते ते कळतं. ती टणक झाली की नवे हात तिला डोकं समजतात. हा सराव जरूर करून घ्यावा.

माहितीपत्रकातली सगळ्यात गंभीर उणीव एकच, आणि ती पहिल्या पानावर असायला हवी होती: बोट कधी घालायचं नाही. दिवस भरत आलेल्या बाईच्या अंगावरून रक्त जातंय आणि वार कुठे आहे हे सोनोग्राफीत पाहिलेलं नाही, तर पीव्ही, म्हणजे योनीतून बोटाने तपासणी, अजिबात नाही. वार तोंडावर असली तर बोट लागताच धार लागू शकते. पाणी गेलंय पण कळा नाहीत, विशेषतः दिवस भरण्याआधी, तरीही बोट नाही. स्पेक्युलमने, म्हणजे योनीमार्ग उघडा धरणाऱ्या उपकरणाने, बघायचं, कारण प्रत्येक पीव्हीबरोबर जंतू वर जाण्याची शक्यता वाढते. सुरळीत चाललेल्या कळांतही साधारण दर चार तासांनी एकदा पुरे. दर येणाऱ्या-जाणाऱ्याने बोट घालून पाहणं ही आपल्याकडची वाईट खोड आहे, आणि संच बाजारात आला म्हणून ती वाढता कामा नये. ही दोन-तीन वाक्यं मराठीत लिहून खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवा.

माहितीपत्रकात आखूड गर्भाशयमुखावर अर्धं पान आहे, ते ठीक आहे. अठरा ते चोवीस आठवड्यांत योनीमार्गातल्या सोनोग्राफीत लांबी २५ मिलिमीटर किंवा कमी भरली तर अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो. त्या वेळी योनीमार्गात ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, आणि आधी दुसऱ्या तिमाहीत गर्भ गेलेल्या काही बायांना तोंडाला टाका, हे डॉक्टर ठरवतात. हे मोजमाप बोटाने होत नाही, पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत भरलेल्या मूत्राशयामुळे लांबी फसवी जास्त दिसू शकते, त्यामुळे मूत्राशय रिकामं हवं. सिलिकॉनच्या तुकड्यावर 'आखूड' शोधायला लावणारा सराव वर्गात करून घेऊ नये. चुकीचा आत्मविश्वास येतो.

बाळंतपणानंतरचा एकही तुकडा नाही, हे खटकतं. बाळ आणि वार बाहेर आल्यावर तोंड सैल, लोंबतं राहतं, पहिले काही दिवस दोन बोटं जातात. आठवडाभरात बरंच आवळतं. पहिल्या बाळंतपणाआधी गोल ठिपक्यासारखं दिसणारं बाहेरचं तोंड पुढे आडव्या चिरेसारखं होतं आणि तसंच राहतं. पण शिकवायचं मुख्य काम वेगळं आहे. वार पूर्ण आलीय, गर्भपिशवी टणक आकसलीय आणि तरीही लालभडक रक्त वाहतंय, तर गर्भाशयमुख फाटलंय का ते बघायचं. चांगला उजेड, मदतीला एक जण, कड धरायला दोन स्पंज होल्डिंग फोर्सेप्स (चिमटे). एक घड्याळाच्या बारावर, दुसरा दोनवर लावायचा, मधला भाग बघायचा, मग पहिला काढून चारवर, असं पूर्ण वर्तुळ फिरायचं. फाट बहुतेक तीन आणि नऊच्या जागी सापडते. लोकरीच्या नमुन्यावर तीनच्या जागी दोन सेंटिमीटरची चीर देऊन हा सराव उत्तम होतो. सिलिकॉनवर चीर दिली की तुकडा वाया.

गरोदर मातांच्या वर्गात हा खोका नेऊ नका. भोकांची फळी पाहून बाया घाबरतात, आणि शिकण्यासारखं त्यांना फारसं मिळत नाही. तिथे फुगा आणि टेबलटेनिसचा चेंडू पुरतो. चेंडू फुग्यात घालून फुगा फुगवायचा, उलटा धरायचा, चेंडू मानेवर बसतो. बाजूंनी हलकं दाबलं तर मान तशीच राहते, या दिवस भरतानाच्या खोट्या कळा. वरून थांबून थांबून दाबलं की मान आधी आखूड होते, मग उघडते, मग चेंडू येतो. 'सकाळपासून कळा आहेत आणि तोंड उघडलंच नाही म्हणतात' या तक्रारीचं उत्तर त्यात असतं: आखूड होण्यातच वेळ गेलाय, आणि तो फुकट गेलेला नाही.

टिकाऊपणाबद्दल. समुद्रकाठच्या दमट हवेत सिलिकॉनला काही होत नाही, लाकडी फळीला होतं. पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, मोठी भोकं किंचित लांबट होतात. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक सरावाला बाधत नाही, पण भोकांच्या कडेचा लेप सुटून कुसं निघतात आणि ग्लोव्हज फाटतात. जूनच्या आधी कडांना बारीक पॉलिश पेपर मारून वार्निशचा हात द्यावा. खोबरेल तेल लावून सराव करायचा मोह आपल्याकडे होणारच, तो टाळा. तेलाने लेटेक्सचे ग्लोव्हज कमजोर होऊन फाटतात, आणि सिलिकॉनवर बसलेलं तेल चिकट होऊन वास मारतं. पाण्यातली जेली किंवा साबणाचं पातळ पाणी वापरावं. सराव झाला की तुकडे साबणाने धुऊन, सावलीत पूर्ण कोरडे करून मक्याच्या पिठाची हलकी पूड लावून ठेवावेत. कापडी पडदा ओला तसाच खोक्यात घातला की दोन दिवसांत बुरशी येते, मग ती डाग म्हणून तुकड्यांवर उतरते.

महिन्याला मोजकीच बाळंतपणं होणाऱ्या उपकेंद्राने स्वतःसाठी संच घेण्याची गरज नाही. फळी आणि लोकरीचा नमुना पुरे. बाळंतपणं नियमित होणाऱ्या आणि शिकाऊ सिस्टर येणाऱ्या केंद्राने घ्यावा, ऑर्डर देताना चौथा तुकडा बदलून मागावा, कडेची जाडी मिलिमीटरमध्ये लेखी विचारावी, आणि आल्या आल्या बिल फाइल करण्याआधी पट्टी लावून मोजावी.